पावण्याला आधी, म्हादबाला नंतर

जिना चढून ऑफिसात पाऊल टाकलं, तोच तानाजीकाकांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला.

"ताई, पावणं चीत! चारी मुंड्या चीत!"

तोंडात अख्खा पेढा, त्यामुळे लगेच ओरडता आलं नाही. नाहीतर ओरडलेच असते. भाचीच्या साखरपुड्याला म्हणून दोन दिवस रजा काय घेतली, तेवढ्यात या लोकांनी माझ्याशिवाय टेस्ट उरकली होती. आणि टेस्ट घेणं हे माझं काम. आमच्याकडे एखादं सॉफ्टवेअर किती वेगानं चालतं, कुठं अडखळतं, उत्तर खरं देतं का, हे तपासून रिपोर्टवर सही करणारी मी एकटी. इथं सहीचा पत्ता नाही आणि पेढे वाटून मोकळे!

व्हाइटबोर्डवर फुटबॉल मॅचचा असतो तसा स्कोअर लिहिला होता. डावीकडे ‘पावणं’, उजवीकडे ‘म्हादबा’. सगळे गोल उजवीकडे. खाली तानाजीकाकांच्या वळणदार अक्षरात ‘नाद खुळा’. तानाजीकाका म्हणजे आमचे अकाउंटंट. शिवाजी पेठेतले, तरुणपणी पेठेच्या टीमचे गोलकीपर. अल्जेब्राशी त्यांचा संबंध दहावीच्या पेपरात तुटला तो तुटलाच. पण कुठंही दोन पार्ट्या समोरासमोर आल्या की काका शिट्टी घेऊन मध्ये उभे.

आता पावणं कोण आणि म्हादबा कोण, ते सांगते. नाहीतर तुम्हाला वाटायचं, शाहूपुरीत आमच्या दुसऱ्या मजल्यावर कुस्त्यांचा फड भरतो.

साधा कॅल्क्युलेटर आकड्यांचा हिशोब करतो. आमच्या कामात आकडे शेवटी येतात, आधी असतात अक्षरं. शाळेत आपण एक्सची किंमत काढायचो ना, तेच. फक्त इथं एक्स एकटा नसतो, सगळं खटलं घेऊन येतो. पन्नास-साठ अक्षरं, त्यांचे वर्ग, त्यांचे साइन आणि कोसाइन, एकमेकांत गुंतलेले. हे अक्षरांचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरला कॉम्प्युटर अल्जेब्रा सिस्टीम म्हणतात. ते कंस सोडवतं, समीकरणं सोडवतं आणि शेवटी एक सूत्र हातात देतं.

आम्हाला हे सूत्र लागतं यंत्रांसाठी. आमचं क्लायंट म्हणजे ऊसतोडणीची यंत्रं बनवणारी पुण्याकडची एक कंपनी. यंत्राला लांब हात, हाताला सांधे. पातं अमुक ठिकाणी न्यायचं तर कुठला सांधा किती वळवायचा, हे सूत्र सांगतं. ते सूत्र यंत्रावरच्या एका छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डात घालतात आणि बोर्ड हात हलवतो.

असं सूत्र काढणारं आमचं घरचं सॉफ्टवेअर म्हणजे म्हादबा. ते लिहिलं सर्जेरावनं. सर्जेराव मलकापूरचा, शेतकरी घरातला, गणितात एम.एस्सी. म्हादबा हे त्याच्या घरच्या बैलाचं नाव. "हळू चालायचा ताई, पण वाटेत कवा बसला न्हाई," असं तो सांगतो. लग्नाआधीपासून सर्जेराव या एकाच कामाला चिकटलाय. त्याच्या दोन मुली शाळेत जायला लागल्या, तरी म्हादबा अजून रांगतोय असंच त्याला वाटतं. रोज मलकापूरहून मोटरसायकलनं येतो, रोज उशिरा येतो आणि रोज माझं ओरडणं खातो.

आणि पावणं म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर. मोठ्या कंपनीचं, जगभर वापरलं जाणारं. क्लायंटकडच्या वैशाली मॅडमनी सरळ विचारलं होतं, "बाजारात एवढं तयार मिळत असताना तुम्ही घरगुती कशाला वापरता? दोन्हींची तुलना करून दाखवा. विकतचं फास्ट निघालं तर आमच्या कामाला तेच वापरायचं." म्हणून आम्ही त्याची ट्रायल आणली आणि पहिल्याच दिवशी काकांनी त्याचं बारसं केलं, पावणं.

आमचे मालक उमेशराव. माणूस चांगला, पण पटकन निर्णय घेतो आणि मग त्याच निर्णयावर बसून राहतो. त्यांनी सर्जेरावला सांगून टाकलं होतं, "पावणं जिंकलं तर म्हादबा बंद. तुला पुण्याला क्लायंटच्या ऑफिसात बसवतो. पगार वाढवून देतो."

"म्हशी धुईन, पण पुण्याला जाणार न्हाई," सर्जेराव मला म्हणाला होता. बायको मलकापूरच्या शाळेत शिक्षिका, आईवडील गावात, गोठ्यात चार म्हशी. पुण्याला जाणार नाही म्हणजे नोकरी सोडणार, हे त्याला कळत होतं आणि मलाही. तेव्हापासून तो जेवणाचा डबा अर्धा परत नेत होता.

तर हे असं सगळं त्या टेस्टवर टांगलेलं होतं, आणि टेस्ट यांनी मॅचसारखी खेळून टाकली.

"कशी घेतली? मला पहिल्यापासून सांगा," मी काकांना खुर्चीत बसवलं.

"कशी म्हणजे? एकच कॉम्प्युटर, एकच गणित. आधी पावण्याला दिलं, मग म्हादबाला. सुरू म्हटलं की घड्याळ चालू, उत्तर आलं की घड्याळ बंद. कुठं फसवाफसवी न्हाई ताई. रेफ्री मी होतो."

"दर वेळी पावणं आधी?"

"मग काय तर! घरी आलेल्या पावण्याला ताटकळत ठेवायचं व्हय? उमेशराव पण म्हणालं, आधी त्यांना."

मी कपाळाला हात लावला नाही, पण लावायची वेळ जवळ आली होती. बोर्डवर स्कोअरखाली लिहिलेल्या वेळा वाचल्या. पहिलं गणित अगदी सोपं होतं. अल्जेब्रा म्हणून त्यात काही नव्हतंच, नुसती लांबलचक समीकरणं वाचायची आणि दोन कंस सोडवायचे. फाइल मात्र सगळ्यांत मोठी. आणि तिथंच पावणं सगळ्यांत जास्त मागं पडलं होतं. अहो, सोप्या गणितात एवढं मोठं सॉफ्टवेअर अडखळतं कसं? माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

आमच्या सगळ्या फाइली सर्व्हरवर असतात. सर्व्हर म्हणजे जिन्याखाली ठेवलेला एक घरघरणारा म्हातारा कॉम्प्युटर. तिथून फाइल वर यायला वेळ लागतो. पण एकदा आलेली फाइल वरचा कॉम्प्युटर लगेच टाकून देत नाही. परत लागेल म्हणून हाताशी ठेवतो. याला कॅश म्हणतात. म्हणजे पहिल्या पाहुण्याच्या चहाला साखर आणायला दुकानात जावं लागतं, आणि दुसरा येतो तेव्हा डबा भरलेला असतो. चहा दुसऱ्याला लवकर मिळतो, म्हणून काही दुसरा पाहुणा चपळ ठरत नाही.

दर गणिताला साखर आणायला पावणं गेलं होतं. म्हादबानं आयता चहा पिला होता.

एवढ्यात सर्जेराव आला. अर्थातच उशिरा. पण मला ओरडता येईना, कारण त्याच्या हातात स्टीलचा डबा होता आणि चेहऱ्यावर असं हसू, की एवढ्या वर्षांत मी पाहिलं नव्हतं.

"ताई, खरवस! म्हस व्याली काल. रेडी झाली, रेडी! आणि हिकडं म्हादबा जिंकला. आईनं डब्यावर डबा भरलाय. तुमास्नी पहिला."

मी खरवस घेतला. तुकडा तसाच हातात धरून राहिले.

"सर्जेराव, बस जरा."

"बसतो की. पण आधी खावा. उमेशरावांनी कबूल केलंय, आता पुण्याचं नाव न्हाई. घरात सांगितलं तर बायको रडली ओ."

आता याला सांगायचं कसं? मला गोड बोलता येत नाही, ते मला माहीत आहे आणि सगळ्या शाहूपुरीलाही. मी सरळ सांगून टाकलं. फाइल, सर्व्हर, कॅश, साखर, चहा. तो ऐकत राहिला. हसू एकेक पायरी उतरावं तसं उतरलं.

"तुमास्नी काय जातंय ताई?" तो एकदम म्हणाला. "टेस्ट झाली. सगळ्यांनी बघितली. तुमी नव्हतासा त्याला आमी काय करायचं? तुमी एक दिवस उशिरा आला असता तर काय बिघडत होतं?"

"काही नाही. हेच उद्या सांगितलं असतं."

"तुमचा सोभावच तसला हाय!"

"आहेच. चल, उलट करून बघू. कॉम्प्युटर बंद करून चालू कर, म्हणजे साखरेचा डबा रिकामा होईल. मग म्हादबाला आधी पाठव."

तो तणतणत उठला. पण उठला. तो गणिताचा माणूस, उत्तर काय येतंय हे बघितल्याशिवाय त्याला राहवणार नाही, हे मला ठाऊक होतं. कॉम्प्युटर बंद, परत चालू. पहिलं गणित, आधी म्हादबा. जिन्याखालचा म्हातारा घरघरला. म्हादबा थांबून राहिला. मग पावणं गेलं आणि निघालंसुद्धा. दुसरं गणित तसंच, तिसरंही. काका बोर्डापाशी खडू... म्हणजे मार्कर हातात धरून उभे होते, पण लिहायचं त्यांच्या जिवावर आलं.

सर्जेरावनं दोन्ही टेस्टच्या वेळा शेजारी लावून बघितल्या. मग म्हणाला, "ही पण खरी टेस्ट न्हाई. आता साखर म्हादबानं आणली."

"बरोबर. ही पण खोटी."

"मग खरी कुठली?"

"ती उद्या घेऊ. वैशाली मॅडमसमोर."

त्यानं फणकाऱ्यानं कॉम्प्युटर बंद केला. खरवसाचा डबा मात्र माझ्याकडं सरकवला. राग असला तरी डबा परत न्यायचा नाही, असली ही माणसं.

उमेशरावांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच.

"ताई, मी मॅडमना फोन करून सांगितलंय की आपण जिंकलोय! उद्या त्या रिपोर्ट घ्यायला येतायत."

"येऊ द्या की."

"कशाला उकरून काढताय? आपलंच जिंकलंय ना?"

"जिंकलेलं नाही, जिंकल्यासारखं दिसतंय. मॅडमच्या माणसानं तिकडं क्रम उलटा करून बघितला की पाचव्या मिनिटाला कळेल. मग आपण खोटारडे, आणि म्हादबाही गेला आणि क्लायंटही गेलं."

"आणि खरं करून हरलो तर?"

"तर हरलो."

"सर्जेरावचं काय?"

"ते तुम्ही ठरवलंय, मी नाही. त्याला पुण्याला पाठवायचं कुणी बोललं? पण या असल्या टेस्टवर माझी सही मिळणार नाही, सांगून ठेवते."

ते खिडकीतून खालच्या दुकानाच्या पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पेढे तरी थांबवायचे होते." मी म्हटलं, तेच तर म्हणतेय.

दुसऱ्या दिवशी वैशाली मॅडम गाडी घेऊन आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, हातात स्वतःची पाण्याची बाटली. त्यांना काकांनी आधी चहा दिला, मग खरवस, मग भडंग. पाहुणचाराला आमच्याकडे ऑफ बटण नसतं. तेवढ्यात मी सगळी हकीकत सांगितली. पावण्याला आधी चालवलं, म्हणून पावणं हरलं.

मॅडम हसायला लागल्या. "म्हणजे तुम्ही आदरातिथ्यानं हरवलंत त्याला?"

"व्हय मॅडम," काका खालमानेनं म्हणाले.

मग खरी टेस्ट लावली. पहिल्यांदा कोण, हे काकांनी नाणं उडवून ठरवलं. त्यानंतर पाळीपाळीनं. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर नव्यानं चालू. फाइल वाचायचा वेळ वेगळा, गणिताचा वेगळा. एकेक गणित पुन्हा पुन्हा चालवायचं, सगळे वेळ चढत्या क्रमानं लावायचे आणि त्यातला मधला धरायचा, कारण एखाद्या वेळी कॉम्प्युटर मध्येच स्वतःचं काहीतरी घरकाम काढून बसतो. या सगळ्याला बेंचमार्किंग म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम म्हणजे भांडणात दोन्ही बाजू ऐकून घेणं. वेळ लागतो आणि कुणी खूश होत नाही.

निकाल दुपारपर्यंत स्पष्ट झाला. पावणं भारी होतं. कंस सोडवण्यात भारी, समीकरणं सोडवण्यात तर लईच भारी. एका लहान गणितात म्हादबा पुढं आला, तेवढंच. तिथं काकांनी शिट्टी वाजवली, पण त्या शिट्टीत दम नव्हता. उमेशराव बोर्डाकडे बघायचं टाळत होते. सर्जेराव भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. त्याच्याकडं बघून वाटलं, मंगल, तुला काय गरज होती? पेढा खाऊन गप्प बसली असतीस तर हा माणूस आज घरी हसत गेला असता.

"मग झालंच की," सर्जेराव म्हणाला. "पावणं फास्ट हाय. मीच बघितलं डोळ्यांनी."

"झालं नाही," मी म्हटलं. "उत्तरं बरोबर आहेत का, ते तपासायचं राहिलंय."

वेळ काढायला म्हणून मी बोलले असं त्यांना वाटलं असेल. पण ती आमची पद्धतच आहे. दोन सॉफ्टवेअरची उत्तरं दिसायला कधीच सारखी नसतात. एक म्हणतं ‘आईचा भाऊ’, दुसरं म्हणतं ‘मामा’. माणूस तोच आहे का, हे बघायला आम्ही अक्षरांच्या जागी आकडे घालतो. दोन्ही सूत्रांत तेच आकडे, हजारो वेळा, वेगवेगळे. उत्तर जुळत राहिलं की दोन्ही एकच.

आधी म्हादबाचं सूत्र लावलं. भराभर संपलं. मग पावण्याचं लावलं. चाललं, चाललं, चालतच राहिलं. काकांनी तेवढ्यात भडंगाचा दुसरा राउंड वाढला. तरी चालूच.

"हँग झालं का?" उमेशरावांनी विचारलं.

"नाही. उत्तरं जुळतायत. पण वेळ..." मी पावण्याचं सूत्र स्क्रीनवर उघडलं. खाली सरकवत गेले. सरकवत गेले. संपेचना! मग म्हादबाचं उघडलं. ते थोडक्यात आटपलं होतं.

मॅडम खुर्ची ओढून जवळ आल्या. "हे एवढं छोटं कसं?"

सर्जेराव भिंतीपासून हलला. "त्यात काय न्हाई मॅडम. तोच तोच तुकडा सगळीकडं परत येत असतोय. पावणं दर टायमाला तो अख्खा लिहितंय. म्हादबा एकदा त्याला नाव देतोय आणि म्होरं नुसतं नाव वापरतोय."

म्हणजे पावणं प्रत्येक ओळीत ‘माझ्या आईच्या वडिलांचा धाकटा मुलगा’ असं लिहीत होतं. म्हादबा एकदाच ओळख करून देत होता आणि पुढं सरळ ‘मामा’.

"विकतच्या सॉफ्टवेअरला हे जमत नाही?" मॅडमनी विचारलं.

जमतं. त्यालाही सूत्र आवरतं घ्यायला सांगायची सोय असते. आम्ही ती लगेच वापरून बघितली, नाहीतर तोही पावण्यावर अन्यायच झाला असता. त्यानं बराच वेळ घेतला आणि सूत्र थोडं आखडलं, पण म्हादबाच्या जवळपास नाही.

"तुम्ही हे असं का केलंत?" मॅडम आता थेट सर्जेरावशीच बोलत होत्या.

"हौसेनं न्हाई ओ. सुरुवातीला आमच्या गिऱ्हाइकांचं बोर्ड असायचं एवढुसं. मोठं सूत्र घालणार कुठं? मग आवळत गेलो. गेली कित्येक वर्सं निम्मा वेळ मी तेच करतोय. त्यापायी म्हादबा हळू झालाय, ते मला म्हाइत हाय. पण कुणी इचारलंच न्हाई की सूत्र केवढं येतंय. सगळी घड्याळच बघत्यात."

मॅडम उठल्या, खाली गेल्या आणि गाडीतून एक खोकं घेऊन आल्या. आत त्यांच्या यंत्रातला बोर्ड होता आणि त्याला जोडलेली एक लहान मोटर. "हे मी कायम बरोबर ठेवते," त्या म्हणाल्या. "घाला दोन्ही सूत्रं यात."

इथंही क्रम मी ठरवला नाही. काकांनी नाणं उडवलं.

पावण्याचं सूत्र बोर्डात कसंबसं मावलं. मोटर फिरली, थांबली, फिरली, थांबली, उचकी लागल्यासारखी. एका हालचालीचा हिशोब संपेपर्यंत दुसरीची वेळ येऊन जात होती. मग म्हादबाचं सूत्र घातलं. मोटर सरळ, गुळगुळीत फिरत राहिली. काकांची शिट्टी अशी वाजली की खालच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन वर बघायला लागला.

"अहो, सूत्र आपण काढणार एकदा," मॅडम म्हणाल्या. "त्याला दहा मिनिटं लागू देत नाहीतर दिवस लागू दे, उसाच्या फडात कुणाला कळणार आहे? पण यंत्राचा हात अडखळला तर पहिल्याच सरीला शिव्या बसतील. मी तुम्हाला चुकीचा प्रश्न विचारला होता."

क्लायंट स्वतःहून असं म्हणतं हे मी उभ्या नोकरीत पहिल्यांदा ऐकलं. मनात आलं, हे लिहून घ्यावं आणि खाली त्यांची सही घ्यावी.

"मग म्हादबा जिंकला?" उमेशरावांनी घाईनं विचारलं.

"न्हाई," सर्जेरावच म्हणाला. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. "समीकरण सोडवायला पावणं वापरूया. त्यात म्हादबा कवाच त्याला गाठणार न्हाई, खोटं कशाला बोलू? पावण्यानं सोडवायचं आणि म्हादबानं आवळायचं. दोघं एका गाडीला जुंपू."

"मर्दा, हे काल का नाही बोललास?" उमेशराव म्हणाले.

"काल मी जिंकलेलो की!"

मॅडमसकट सगळे खो खो हसलो. सर्जेरावही. तणतणत बोललेलं ‘तुमचा सोभाव’ वगैरे त्या हसण्यात वाहून गेलं, निदान माझ्यापुरतं तरी.

मग उमेशरावांनी मॅडमसमोरच विचारलं, "या कामाला सर्जेराव पुण्याला बसला तर सोयीचं पडेल का?" मी डोळे वटारले. पण मॅडमच म्हणाल्या, "कशाला? सूत्र इमेलनं येतं. त्यांना आहे तिथंच राहू दे. तिथं त्यांचं डोकं चालतंय." उमेशराव पटकन म्हणाले, "तेच मी म्हणतो." ते तसं म्हणत नव्हते, पण चांगल्या माणसाला इतकं खपवून घ्यावं.

त्या आठवड्यात सर्जेरावनं म्हादबातला समीकरणं सोडवायचा सगळा भाग स्वतःच्या हातानं काढून टाकला. मी शेजारी उभी होते. वाटलं, त्याला जड जाईल. पुसून झाल्यावर त्यानं खुर्ची माझ्याकडं वळवली. मग म्हणाला, "तो भाग मला पयल्यापासनंच जमत नव्हता ताई. पण सांगायचं कुणाला?" आणि घरी जाताना डबा रिकामा नेला.

रिपोर्टवर मी सही केली. व्हाइटबोर्ड पुसला, पण काकांनी कोपऱ्यात एक ओळ लिहून ठेवली आहे आणि ती कुणाला पुसू देत नाहीत: ‘पावण्याला चहा आधी. मशीनवर पाळीपाळीनं.’ नवीन माणूस आला की याचा अर्थ विचारतो आणि काका त्याला खुर्चीत बसवून अख्खी मॅच सांगतात. दर वेळी नाणं उडवताना काकांचा हात थोडा आणखी उंच जातो.

माझ्या धंद्यातलं शहाणपण म्हणाल तर एवढंच. आपण जिंकलो की टेस्ट परत घ्यावी, हरल्यावर तर सगळेच घेतात. आणि घड्याळ हातात घ्यायच्या आधी वाट कोण बघतंय, ते विचारावं.

त्या खऱ्या टेस्टच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या जागेवर बसले होते. दहा वाजून गेले, साडेदहा वाजत आले. जिन्यावर पावलं वाजली आणि हेल्मेट काखेत मारून सर्जेराव आला, मलकापूरहून, नेहमीसारखा उशिरा.

"अरे ही काय यायची वेळ झाली का?" मी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या जोरात ओरडले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!